टू-इन-वन लॅपटॉप : मोठा घ्यावा की साधा?



बारावीचे निकाल लागून कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की या सदराकडे येणाऱ्या विचारणांचा विषय ठरलेला असतो. पूर्वी जातीचा दाखला, वसतिगृहाचा अर्ज आणि शिष्यवृत्तीचा फॉर्म याबद्दल विचारले जाई. ते आजही विचारले जाते, पण जोडीला आता लॅपटॉप आला आहे. बुलडाणा जिल्ह्यात मेहकर तालुक्यातील डोणगावहून एका भगिनीने असाच प्रश्न केला आहे. त्या शेतमजुरी करतात, पती गवंडीकाम करतात. मुलगी फार्मसीच्या पहिल्या वर्षासाठी अकोल्याला जाणार आहे. दुकानात तिला १६ इंची, बोटाने चालणारा, पडदा पूर्ण मागे वळणारा लॅपटॉप दाखवला आणि सांगितले, "हा लॅपटॉप पण आहे आणि टॅब पण. एकदा घ्या, दोन्ही कामे होतील." मुलीला तो आवडला. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, मोबाईल आहे ना हातात, आणखी कशाला? ताई विचारतात की एवढा पैसा यात घालावा की घालू नये?

ताई, प्रश्न एकट्या तुमच्या घरचा नाही, म्हणून उत्तर सर्वांसाठी देत आहोत.

सर्वप्रथम "मोबाईल आहे ना" याचा विचार करू. मोबाईलवर व्याख्यान ऐकता येते, फॉर्म भरता येतो, नोट्स मागवता येतात. पण वीस पानांचा प्रकल्प लिहिणे, आकड्यांचे तक्ते करणे, दोन कागद शेजारी शेजारी ठेवून वाचणे हे तळहाताएवढ्या काचेवर होत नाही. शासनाची टंकलेखनाची परीक्षासुद्धा आता टाइपरायटरवर नसून संगणकावर होते. दहा बोटांनी टाइप करण्याची सवय ज्या मुलाला लागली नाही, तो नोकरीच्या रांगेत मागे पडतो. आणि एक गोष्ट आम्ही स्पष्ट लिहितो. मुलगा असता तर "मोबाईल पुरे" असे घरात कोणी म्हणाले असते का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाच्या प्रगतीचे माप त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून घेतो, असे सांगितले होते. तेव्हा मुलीला लॅपटॉप घ्यायचा, हे ठरवूनच पुढे जाऊ. आता कोणता घ्यायचा, एवढेच राहते.

टू-इन-वन हा शब्द आपल्या वस्त्यांना नवा नाही. रेडिओ आणि टेप एकाच पेटीत असलेला टू-इन-वन ज्या घरी असे, त्या घरासमोर संध्याकाळी मंडळी जमत. वामनदादांची गीते आणि प्रल्हाद शिंदे यांचा आवाज कितीतरी घरांत त्याच पेटीतून पोहोचला. त्या पेटीची एक खुबी होती. कॅसेटची फीत अडकली तरी रेडिओ वाजत राही. लॅपटॉपच्या टू-इन-वनचे तसे नाही. त्यात यंत्र एकच आहे, फक्त ते दोन-चार तऱ्हांनी उभे करता येते. पडदा फुटला की लॅपटॉप आणि टॅब दोन्ही एकदम आजारी पडतात. ही गोष्ट मनात ठेवून पुढचे वाचावे.

या यंत्राची खरी करामत त्याच्या बिजागरीत आहे. साध्या लॅपटॉपचा पडदा जेमतेम आडवा होतो. याचा पडदा पूर्ण फिरून पाठीला पाठ लागेपर्यंत जातो. लेनोवो कंपनीने २०१२ साली 'योगा' या नावाने असा लॅपटॉप बाजारात आणला. पुढे एचपी, डेल, आसूस, एसर अशा बहुतेक कंपन्यांनी तीच तऱ्हा उचलली. त्याच्या चार बैठका आहेत. पहिली नेहमीच्या लॅपटॉपची. दुसरीत बटणांची बाजू टेबलावर पालथी ठेवून पडदा आपल्याकडे उभा करायचा. तिसरीत तंबूसारखा, दोन्ही कडांवर उभा करायचा. चौथीत पूर्ण घडी घालून पाटीसारखा धरायचा. बटणे मागे गेली की ती आपोआप बंद होतात, त्यामुळे चुकून दाबली जात नाहीत.

आता गुण पाहू.

पहिला गुण आकाराचा. १६ इंची पडदा उभा धरला तर साधारण साडेचौतीस सेंटिमीटर उंच आणि साडेएकवीस सेंटिमीटर रुंद असतो. आपला नेहमीचा ए-फोर कागद २९.७ सेंटिमीटर उंच आणि २१ सेंटिमीटर रुंद. म्हणजे झेरॉक्सचा अख्खा कागद आहे त्या मापात पडद्यावर मावतो. अक्षर मोठे करून सारखे इकडेतिकडे सरकवावे लागत नाही. चाळिशीचा चष्मा लागलेल्या माणसाला या गोष्टीची किंमत लगेच कळते. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडांच्या रूपाने प्रकाशित केली. त्यांतील इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. असा ग्रंथ उभ्या पडद्यावर पान पान करून वाचायला हे यंत्र फार सोयीचे आहे.

दुसरा गुण पेनाचा. गणिताची उदाहरणे, रसायनशास्त्रातल्या रेणूंच्या आकृत्या, शरीररचनेची चित्रे ही टाइप करून होत नाहीत. पडद्यावर पेनाने लिहिता आले की पुस्तकाच्या पानावरच खुणा करता येतात, आकृती काढता येते, आणि देवनागरीत हाताने टिपण घेता येते. पडद्यावर हात टेकवून लिहिले तरी चांगले यंत्र हाताचा स्पर्श सोडून फक्त पेनाचे टोक ओळखते. शिकवणी घेणाऱ्या ताई-दादांना तर ही पाटीच मिळाल्यासारखी आहे.

तिसरा गुण तंबूच्या बैठकीचा. त्यात बटणांची बाजू मागे जाते, पडदा पुढे येतो आणि यंत्र थोड्या जागेत उभे राहते. चार मुले समोर बसून एकच धडा पाहू शकतात. शिवाय मोठ्या यंत्रात बटणेही ऐसपैस असतात, बऱ्याच यंत्रांत उजवीकडे आकड्यांची वेगळी बटणे असतात. हिशेबाचे काम करणाऱ्याला ती उपयोगी पडतात.

आता दोष. दुकानदार गुण सांगतोच. दोष आपले आपण शोधायचे असतात.

पहिला दोष वजनाचा. १६ इंची टू-इन-वन बहुधा दोन किलोच्या आसपास भरतो. काही महाग यंत्रे याहून हलकी असतात, पण ती आपल्या आवाक्यातली नव्हेत. टॅब म्हणून विकल्या जाणाऱ्या साध्या पाटीचे वजन साधारण अर्धा किलो असते. दोन किलो ज्वारीची पिशवी एका हातावर तोलून दुसऱ्या हाताने लिहून पाहा, पाच मिनिटांत मनगट बोलायला लागेल. म्हणजे दुकानात दाखवलेला "टॅब पण" हा भाग मोठ्या आकारात बराचसा कागदावरच राहतो. टेबलावर किंवा मांडीवर टेकवूनच तो वापरावा लागतो. वर चार्जरचे वजन वेगळे. एस.टी.च्या गर्दीत, खांद्यावर कपड्यांच्या पिशवीसोबत हे ओझे मुलीला वागवायचे आहे.

दुसरा दोष काचेचा. बोटाने चालणाऱ्या पडद्यावर बहुधा चकचकीत काच असते. दारातून ऊन आले की पडद्यावर धड्याऐवजी आपलेच तोंड दिसते. ज्या घरात उजेडासाठी दार उघडे ठेवावे लागते, तिथे याचा त्रास रोजचा. काच आणि आतला पडदा बहुतेक यंत्रांत एकमेकांना चिकटवलेले असतात. काचेला तडा गेला तर संपूर्ण पडदा बदलावा लागतो, आणि त्याचा खर्च साध्या लॅपटॉपच्या पडद्यापेक्षा बराच जास्त येतो.

तिसरा दोष बिजागरीचा. पडदा जितका मोठा, तितका बिजागरीवर भार अधिक. लॅपटॉपच्या बैठकीत बोट लावले की मोठा पडदा डुलतो. एका कोपऱ्याला धरून उघडझाप करण्याची सवय असेल तर बिजागरी लवकर ढिली होते. दुसऱ्या बैठकीत बटणे टेबलावर पालथी असतात. खाली धूळ, पीठ, चहाचा थेंब असेल तर तो बटणांत जातो.

चौथा दोष उन्हाचा, आणि तो आपल्या भागाला विशेष लागू आहे. बहुतेक कंपन्या लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असे लिहून देतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो, आणि पत्र्याच्या घरात त्याहून अधिक. उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते. हा दोष सर्वच लॅपटॉपचा आहे, पण पाटीसारखा घडी घालून गोधडीवर ठेवला की हवेची भोके झाकली जातात आणि त्रास वाढतो. मोठ्या यंत्रात बॅटरी मोठी असते हे खरे, पण मोठा पडदा वीजही जास्त खातो. म्हणून "मोठा आहे म्हणजे जास्त वेळ चालेल" हा हिशेब बरोबर नाही.

पाचवा दोष पोटातला. पुष्कळशा टू-इन-वन यंत्रांत रॅम मूळ फळीवरच पक्की बसवलेली असते. आज ८ जीबी घेऊन पुढे वाढवू म्हटले तर वाढवता येत नाही. शिवाय नुसता पडदा वळतो म्हणून यंत्राची ताकद वाढत नाही. अभियांत्रिकीत जड आराखड्यांचे काम करणाऱ्या मुलांना वेगळ्या ग्राफिक्सचा साधा लॅपटॉप जास्त कामाचा.

आता पैशांचा हिशेब. सारख्याच ताकदीच्या साध्या लॅपटॉपपेक्षा टू-इन-वन महाग पडतो. समजा, साधा १४ इंची यंत्राला ५० हजार आणि मोठ्या टू-इन-वनला ७५ हजार पडले. फरक २५ हजारांचा. दिवसाची मजुरी ३०० रुपये धरली तर हा फरक म्हणजे ८३ दिवसांचे राबणे. सोयाबीन सोंगणीपासून तुरीच्या कापणीपर्यंतचे दिवस त्यात जातील. एवढे दिवस बिजागरी आणि काचेसाठी द्यायचे का, हा खरा प्रश्न आहे. तुमच्या दुकानातले भाव वेगळे असतील, पण हिशेब करण्याची रीत हीच ठेवा. रुपयांत मोजू नका, मजुरीच्या दिवसांत मोजा.

म्हणून ताई, तुमच्या मुलीसाठी आमचे मत असे. वसतिगृहात राहणारी, रोज कॉलेजला ये-जा करणारी, एस.टी.ने गावी येणारी मुलगी असेल तर दीड किलोच्या आतबाहेरचा साधा १४ इंची लॅपटॉप घ्यावा. रॅम १६ जीबी आणि साठवण ५१२ जीबी एसएसडी असावी. १४ इंचांवरही ए-फोर कागद आडव्या पडद्याच्या रुंदीत पूर्ण मापात दिसतो, फक्त खाली सरकवत वाचावा लागतो. रेणूंच्या आकृत्यांसाठी वही आहेच. वहीचे पान मोबाईलने टिपून लॅपटॉपवर ठेवता येते. पुढे पेनाची फारच गरज वाटली तर साध्या लॅपटॉपला वायरने जोडायची पेनाची पाटी वेगळी मिळते, आणि ती टू-इन-वनच्या फरकापेक्षा पुष्कळ स्वस्त असते. वाचलेल्या पैशांतून पडल्या-फुटल्याचे संरक्षण देणारी वाढीव वॉरंटी घ्यावी. उरलेले पैसे मुलीच्या खानावळीसाठी ठेवावे.

मग मोठा टू-इन-वन कोणासाठीच नाही काय? आहे. ज्याचे यंत्र एका टेबलावरून हलत नाही, ज्याचे काम पेनाचे आहे, किंवा ज्याच्यासमोर एकावेळी चार जण बसतात, त्याच्यासाठी तो चांगला. शिकवणी घेणारे, चित्रकला किंवा वास्तुशास्त्र शिकणारे, घरी बसून वाचणारे ज्येष्ठ, हे सर्व त्यात येतात. आणि आमच्या मते त्याची सर्वांत योग्य जागा म्हणजे विहारातील अभ्यासिका. एकट्या मुलीच्या खांद्यावर जे ओझे आहे, ते विहाराच्या टेबलावर ओझे राहत नाही. तिथे त्याचा मोठा आकार दहा मुलांच्या उपयोगी येतो. सकाळी शाळकरी मुले गणित सोडवतील, दुपारी महिला मंडळाच्या भगिनी योजनेचा अर्ज भरतील, वर्षावासात ग्रंथवाचनाच्या वेळी ग्रंथाचे पान उभ्या पडद्यावर सर्वांना दिसेल. एका घराला जे परवडत नाही ते पन्नास घरांनी मिळून सहज होते. १४ एप्रिलच्या वर्गणीतील डीजेचा खर्च थोडा आवरला तर दोन-तीन जयंत्यांत असे यंत्र उभे राहते. डोणगावच्या तरुणांनी याचा विचार जरूर करावा. मात्र ते कोणाच्या घरी राहू नये. विहारात कुलपात राहावे, वापरणाऱ्याने वहीत नाव आणि वेळ लिहावी, आणि त्याची जबाबदारी एका मुलाकडे व एका मुलीकडे द्यावी.

खरेदीला जाताना काय पाहावे? कोणी सांगितले म्हणून, रूढी म्हणून किंवा मोठ्या माणसाचा शब्द म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला होता. दुकानातही तोच उपयोगी पडतो. लॅपटॉप मुलीच्याच हातात द्या. दहा मिनिटे उभे राहून तो तिला धरू द्या. पडद्यावर बोट लावून तो किती डुलतो ते पाहा. दुकानाच्या दारात, उजेडात नेऊन अक्षर वाचता येते का ते पाहा. पेन पेटीत येते की वेगळे घ्यावे लागते, हे विचारा. रबरी टोकाची काडी म्हणजे पेन नव्हे. पाच-सहा ओळी मराठीत टाइप करून पाहा. रॅम पुढे वाढवता येईल का, बिघाड झाल्यास माणूस घरी येईल की आपल्याला अकोल्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जावे लागेल, हेही विचारा आणि बिलावर लिहून घ्या.

जुना लॅपटॉप घेणाऱ्यांनी एक तारीख ध्यानात ठेवावी. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-दुरुस्ती कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. जुन्या यंत्रावर विंडोज ११ रीतसर चालते का, हे आधी पाहावे. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर ते बहुधा चालत नाही. मग ते यंत्र कितीही स्वस्त असले तरी विचार करावा.

हप्त्यांबद्दल दोन शब्द. "शून्य टक्के व्याज" असा फलक दिसला की आपली माणसे निर्धास्त होतात. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना कळवले आहे की शून्य टक्के व्याज असे काही नसतेच. ते व्याज कुठेतरी दडलेले असते. कधी रोखीची सूट मिळत नाही, कधी प्रक्रिया शुल्क लागते. म्हणून रोखीचा भाव आणि हप्त्यांची एकूण बेरीज दोन्ही कागदावर मागा आणि वजाबाकी करा. जी रक्कम उरेल, तेच व्याज. हप्ता चुकला तर दंड किती, तेही विचारा.

स्वाधार योजनेविषयीही सांगणे जरूर आहे. ज्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिचे पैसे जेवण, निवास आणि निर्वाहासाठी आहेत. काही घरांत ही रक्कम येण्याआधीच लॅपटॉपच्या हप्त्यांना बांधली जाते. मग रक्कम उशिरा आली की मूल उपाशी राहते आणि हप्ताही थकतो. पोटाचे पैसे यंत्राला लावू नका. मुलीला वसतिगृहात जागा मिळाली नाही तर समाजकल्याण कार्यालयात या योजनेचा अर्ज मात्र जरूर करा.

शेवटची गोष्ट यंत्र घेतल्यानंतरची. १९१७ साली बाबासाहेब लंडनचे शिक्षण अर्धवट ठेवून परत आले, तेव्हा त्यांचे ग्रंथ आणि सामान दुसऱ्या बोटीने यायचे होते. महायुद्धाचे दिवस होते. ती बोट टॉर्पेडोने बुडाली आणि जमवलेली ग्रंथसंपदा समुद्रात गेली. त्या काळी दुसरी प्रत ठेवण्याचा उपाय नव्हता. आज तो आहे. लॅपटॉप चोरीला जातो, पडतो, पाण्यात भिजतो. मुलीने आपल्या नोट्स आणि प्रकल्पाची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक प्रत इंटरनेटवरील खात्यात दर रविवारी ठेवावी. लॅपटॉप पुन्हा घेता येईल, तीन वर्षांचा अभ्यास पुन्हा लिहिता येणार नाही.

तर ताई, मुलीला तिच्या ओझ्याला आणि तुमच्या घामाला शोभेल असा साधा, हलका लॅपटॉप घ्या. मुलगी नाराज झाली तर हा लेख तिलाच वाचायला द्या आणि हिशेब तिच्याकडून करून घ्या. पुढच्या आयुष्यात असे पुष्कळ दुकानदार तिला भेटणार आहेत. मोठ्या यंत्राचा विषय विहाराच्या पुढच्या बैठकीत तुम्हीच मांडा. मुलीला अभ्यासासाठी आमच्या मंगलकामना.

जयभीम! नमो बुद्धाय!